वाकेन, पण परवडणार नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घराघरांत दोन प्रश्न एकदम उगवतात. पोराला कुठे घालायचं, हा पहिला. त्याला काय घेऊन द्यायचं, हा दुसरा. पहिल्यावर महिनाभर खल होतो. पुण्यातल्या मावशीला फोन जातो, संगमनेरच्या आणि लोणीच्या कॉलेजांची फी वहीत मांडली जाते, शेजारच्याच्या मुलाचं पुढे काय झालं याची उजळणी होते. दुसऱ्याचा निकाल दुकानात वीस मिनिटांत लागतो. घोडेगावच्या बाजारात गाय घेताना जो माणूस कास दाबून, दात मोजून, दोनदा चालवून बघतो आणि तरीही ‘पुढच्या बाजारी बघू’ म्हणत घरी येतो, तोच माणूस साठ हजारांची वस्तू तिचा पुढा कुठला आणि पाठ कुठली हे नीट न पाहता ईएमआयवर घेतो.

त्या वीस मिनिटांत काय घडतं ते बघण्यासारखं असतं. काउंटरवर एका बाजूला बारा-तेरा हजारांचा टॅब असतो, सोबत कव्हर फुकट. दुसऱ्या बाजूला टू-इन-वन. विक्रेता तो उघडतो तेव्हा तो लॅपटॉप असतो. मग तो स्क्रीन मागे ढकलत नेतो, अजून मागे, आपल्या जिवाचा थरकाप होईपर्यंत मागे, आणि शेवटी ती पाठीला पाठ लावून बसते. ‘हा झाला टॅब!’ सगळं कुटुंब एका आवाजात म्हणतं, ‘अरे!’ माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या ‘अरे’ची किंमत वीस-पंचवीस हजार रुपये पडते. रोजच्या वापरासाठी बऱ्यापैकी साधा लॅपटॉप पस्तीस हजारांच्या आसपास मिळतो. तोच वाकायला लागला की पंचावन्न-साठ हजारांवर जातो. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणत आला, आणि आता वाकणाऱ्या वस्तूला जास्तीचे पैसे मोजतो.

घ्यायचं काय हे ठरवण्याची रीत याच जिल्ह्यात तयार आहे, आणि तिच्यासाठी यूट्यूबवर तुलनेचे व्हिडिओ बघावे लागत नाहीत. नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारात पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी पाण्याचा ताळेबंद मांडायची शिस्त लावली. यंदा पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना पाणी किती लागेल, शेतीला किती उरेल हे आधी मोजायचं आणि मग पीक ठरवायचं. पाणी पिणाऱ्या उसाला तिथे मज्जाव आहे. शेतीसाठी बोअर घ्यायलाही. आधी पाणी, मग पीक. लॅपटॉप घेताना आपण बरोबर उलटं करतो. आधी ऊस लावतो आणि मग घरात त्याला पुरेल एवढं काम आहे का ते शोधत फिरतो. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके चौदा. अकोल्यात घाटघरला पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि जामखेड-पाथर्डीकडे टँकरची वाट बघतात. असं असून चौदाही तालुक्यांतल्या गिऱ्हाइकांना दुकानात शिफारस एकच, ‘हे घेऊन टाका, पुढे लागतंच.’

तेव्हा आधी घरातल्या कामाचा ताळेबंद मांडू. ई-पीक पाहणी 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर मोबाइलच्या ॲपवर आली. तिच्यासाठी शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. कमरेएवढ्या तुरीत लॅपटॉप घेऊन उभा असलेला शेतकरी अजून जिल्ह्यात कुणी पाहिलेला नाही. हे काम फोनचं. गॅसचा नंबर, वीजबिल, सोसायटीचा मेसेज, पुण्यात राहणाऱ्या लेकीशी व्हिडिओ कॉल, नातवाचा नाच, हेही फोनचंच. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे घरबसल्या मिळतात, तरी निम्मी जनता ते काढायला सेतूतच जाते, कारण प्रिंटर तिथे असतो आणि पुढच्या अर्जात कुठे काय लिहायचं ते सांगणारा माणूसही तिथेच असतो. अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. त्यामुळे पाथर्डीच्या पोरालाही पोर्टलवर कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो, आणि अमुक इतक्या केबीच्या आत बसेपर्यंत स्वतःचा फोटो आक्रसत न्यावा लागतो. हे असं सगळं काम फोन आणि सेतू यांच्यात वाटलं गेलं की घरातल्या तिसऱ्या यंत्राला दोनच गोष्टी उरतात. एक, बराच वेळ बघणं आणि वाचणं. दुसरी, बराच वेळ लिहिणं.

जाता जाता सेतूतल्या त्या माणसाकडे जरा नीट बघा. जिल्ह्यात दिवसाला सगळ्यांत जास्त डिजिटल काम तोच उरकतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाईल, पीकविमा, शिष्यवृत्ती, आणि मधेच सर्व्हर डाउन झाला की समोरच्या रांगेची समजूत. त्याच्यापुढे काय असतं? अक्षरं झिजून गेलेला कीबोर्ड, वायरवाला माउस आणि कुठेच न वाकणारी स्क्रीन. अंगावर दिवसाला शंभर कामं येणाऱ्या माणसाने टच, पेन आणि फिरकी यांपैकी एकही गोष्ट मागितलेली नाही. यंत्रांची परीक्षणं लिहिणाऱ्या सगळ्या पंडितांपेक्षा मला ही साक्ष मोठी वाटते.

आता टॅब. बघणं-वाचणं या खात्यात त्याला तोड नाही आणि हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम वजन, फोनच्या दुप्पट डोळ्यांना आराम, आणि फोनच्याच चार्जरवर, वेळ आली तर पॉवर बँकेवर भागणारी भूक. वीज गेली तरी पीडीएफच्या नोट्स, हरिपाठ आणि क्रिकेट ही तिन्ही खाती चालू राहतात. राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना टॅबच दिले, सोबत रोज 6 जीबी डेटा, आणि ते योग्यच झालं. तासिका बघायला टॅब पुरतो. फक्त जेईई मेन आणि सीईटी या परीक्षा प्रत्यक्षात कॉम्प्युटरवर माउस धरून द्याव्या लागतात. दोन वर्षं बोटाने पान सरकवलेलं मूल परीक्षा केंद्रावर सवयीने मॉनिटरच्या काचेवर बोट फिरवतं, आणि पर्यवेक्षकाला वाटतं धूळ पुसतंय.

स्वस्त टॅबची खरी अडचण वेगळीच आहे. तो घेतला त्या दिवशी उत्तम असतो. 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज, त्यातला मोठा तुकडा सिस्टीमनेच गिळलेला. पहिलं वर्ष सुखाचं जातं. मग प्रत्येक ॲप अपडेट होता होता अंगाने भरत जातं, टॅबचं अंग मात्र तेवढंच राहतं. स्वस्ताईचा हा इतिहास जुना आहे. 2011 च्या 5 ऑक्टोबरला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब देशाला दाखवला तेव्हा जगातला सर्वांत स्वस्त म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सात इंची स्क्रीन आणि 256 एमबी रॅम. स्क्रीन बोट टेकवून चालेना, दाबावी लागे. वर्षभराने ‘आकाश 2’ आणावा लागला, यावरून पहिल्याचं काय झालं ते समजावं. त्यानंतर दहा वर्षांनी, 2021 च्या ऑगस्टमध्ये, राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. 2 जीबी रॅमचा फोन, त्यात पोषण ट्रॅकरचं ॲप बसेना, फोन तापे, हँग होई, आणि दुरुस्तीचा भुर्दंड मानधनातून. सेविकांनी त्या आंदोलनात जे सांगितलं ते दुकानातला कुठलाच विक्रेता सांगत नाही. यंत्राची किंमत बिलावर छापलेली असते, पण ते हँग झाल्यावर वाया जाणारा वेळ आपल्या खिशातून जातो. म्हणून टॅब घ्यायचाच तर फुकट कव्हर बघू नका. रॅम बघा, आणि आणखी किती वर्षं अपडेट येणार ते विचारा.

यावर हुशार वाचक लगेच म्हणेल, की टॅबला दीड हजाराचा ब्लूटूथ कीबोर्ड लावला म्हणजे झाला की लॅपटॉप! हा आक्षेप दिसतो तेवढा लेचापेचा नाही, कारण खुद्द ॲपलही याच वाटेने गेली. 2012 मध्ये टिम कुक यांनी टॅब आणि लॅपटॉप एक करण्याच्या कल्पनेची खिल्ली उडवताना टोस्टर आणि फ्रिज यांची जोडणी करण्याचा दाखला दिला होता. तीन वर्षांनी त्याच कंपनीने आयपॅड प्रोसोबत कीबोर्ड विकायला काढला. तेव्हा जोड लागते, यात वाद नाही. पण बारा हजारांच्या टॅबला ती लावली की काय होतं ते बघा. स्क्रीन आठ-नऊ इंचांची, तिच्यात मराठी अर्जाचं अर्धं पान मावतं. ऑफिसची मोबाइल आवृत्ती तक्ता उघडते, आणि त्यातली चौथी ओळ कुठे गेली ते सांगत नाही. सरकारी पोर्टल ‘कृपया डेस्कटॉप वापरा’ असं नम्रपणे सुचवतं किंवा काहीच न सुचवता कोरं राहतं. कीबोर्ड आणि टॅब मांडीवर ठेवले तर दोघांतला एक खाली जातो, आणि तो नेहमी महागातलाच असतो. शिवाय क्लार्क-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला तीस मराठी शब्दांची अट आहे. त्यासाठी हात बसवायचा तो अंगभर कीबोर्डवर. तळहाताएवढ्या कीबोर्डवर बोटंच एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात.

दुसरा आक्षेप त्याहून आधुनिक आहे. टाइप करायचंच कशाला? आता बोललं की फोन मराठीत लिहितो. खरं आहे. बोलून लिहवण्याची परंपरा तर याच जिल्ह्याची. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी परंपरा आहे. नऊ हजार ओव्या, आणि लेखनिकाने मधेच ‘पुन्हा बोला’ म्हटल्याची कुठे नोंद नाही. ती सोय सच्चिदानंदबाबांमुळे होती. आपल्या नशिबी जो लेखनिक आहे तो ‘विहिरीची नोंद’ हे ‘बहिरीची नोंद’ असं उतरवून घेतो आणि पूर्णविरामासाठी ‘पूर्णविराम’ म्हटलं तर तो शब्दच लिहून ठेवतो. मग दुरुस्तीसाठी बोटाने त्या एका अक्षराच्या अलीकडे कर्सर नेण्याचा खेळ सुरू होतो. कर्सर पलीकडे जातो, अलीकडे येतो, शब्दच निवडला जातो, आणि चुकून सगळा परिच्छेद पुसला जातो. दोन ओळींच्या निरोपाला बोलणं उत्तम. तहसीलदारांना दोन पानांचा अर्ज लिहायचा असेल तर दहाही बोटं लागतात.

मग लिहिणाऱ्यांच्या घरात टू-इन-वन का नको? तो तर दोन्ही करतो. इथेच माझी मुख्य हरकत आहे. दोन्ही करतो हे खरं, पण एकावेळी एकच करतो आणि बिल दोन्हींचं लावतो. पाठीला पाठ लावून झालेला त्याचा टॅब साधारण दीड किलोचा असतो. पडल्या पडल्या छातीवर धरून वाचायला घ्या आणि दहा मिनिटांनी मनगटाला विचारा. उलटलेला कीबोर्ड बोटांखाली खडबडत राहतो. त्या वेळी तो काम करत नाही हे आपल्याला माहीत असतं, बोटांना नसतं. नगरजवळच्या डोंगरावरच्या ज्या देखण्या वास्तूला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही, ती सलाबतखानाची कबर आहे. टॅबलेट मोडची गोष्ट जवळपास तशीच. मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये सरफेस आणला तेव्हा ‘दोन्हींत एक’ हेच सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी, 2013 च्या जुलैमध्ये, न खपलेल्या सरफेस आरटीपायी कंपनीला 90 कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. पुढची मॉडेलं सुधारली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण ती सुधारली म्हणजे चांगले लॅपटॉप झाली.

‘एका वस्तूत काम भागलं तर पैसे वाचतात’ हे गणित गृहखात्यातून हमखास येतं. ते एका माणसाच्या घरात बरोबर आहे. चौघांच्या घरात रविवारी सकाळी बापाला सोसायटीचा हिशेब करायचा असतो आणि पोरीला तासिका बघायची असते, तेव्हा टू-इन-वन दोघांत कापून देता येत नाही. आणि बिघडला तर एकदमच दोन्ही गेले. टचस्क्रीनची काच फुटल्यावर नगरच्या दुरुस्तीवाल्याकडे जा. साध्या लॅपटॉपची स्क्रीन तो संध्याकाळपर्यंत लावून देतो. टचवाली म्हटलं की आधी एक सुस्कारा सोडतो, मग ‘पुण्याहून मागवावी लागेल’ म्हणतो, आणि मग जो आकडा सांगतो त्यात नवा टॅब येतो.

पेनवाल्यांचाही एक पक्ष आहे. स्क्रीनवर पेनने लिहिता येतं, म्हणून वाकणारा हवा. गणिताचे शिक्षक, आर्किटेक्चरची मुलं, चित्रं काढणारे, भूमितीच्या आकृत्या ऑनलाइन शिकवणारे यांच्यासाठी हे खरंच उपयोगी आहे. त्यांनी खुशाल घ्यावा, पेन डब्यात आहे की वेगळं विकत घ्यायचं ते तेवढं आधी विचारावं. बाकीच्यांना हाताने लिहिण्याची हौस असेल तर नगरच्या किल्ल्याची आठवण पुरे. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत याच किल्ल्यातल्या कैदेत हाताने लिहिलं. त्याच कैदेत मौलाना आझाद मित्राला पत्रं लिहीत होते. ती धाडायची परवानगी नव्हती, म्हणजे सगळी ड्राफ्टमध्येच पडून राहिली आणि पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. दोघांनाही चार्जिंगची अडचण आली नाही.

शेवटचा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांत वजनदार तोच आहे. पाहुणे येतात. सोयरीक बघायला आलेल्या मंडळींसमोर पोरगा लॅपटॉप उघडतो, मागे ढकलतो, अजून मागे, आणि ते म्हणतात, ‘अरे!’ याचं काय मोल? आहे, मोल आहे. मी ते नाकारत नाही. पण लग्नखर्चाच्या यादीत ते लिहावं, शिक्षणाच्या नाही.

आता बेरीज करून बघा. साधा, न वाकणारा, 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप पस्तीस हजारांच्या आसपास. त्याच्याजोडीला बारा-तेरा हजारांचा टॅब. दोन्ही मिळून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे टू-इन-वनपेक्षा स्वस्त, आणि घरात दोन माणसं एकाच वेळी कामाला बसतात. घरात लिहिणारं कुणीच नसेल तर नुसता टॅब घ्या, बाकीचे पैसे ठेवा. लिहिणारं एकच असेल आणि पैसे कमी असतील तर टॅबही नको. जुना, कंपनीच्या कचेरीतून निघालेला लॅपटॉप वीस हजारांच्या आत मिळतो आणि त्याचा कीबोर्ड बहुतेक वेळा नव्यापेक्षा चांगला असतो. त्यात विंडोज 11 चालतं का ते मात्र आधी विचारा, कारण विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 2025 च्या 14 ऑक्टोबरला थांबले. दुकानात गेलात की डेमोची रंगीत मासळी बघू नका. त्या यंत्रावर स्वतःचं नाव, गाव, तालुका आणि पिनकोड मराठीत टाइप करून बघा, ‘श्रीगोंदा’ एका दमात उमटलं पाहिजे. आणि बिल जीएसटीचं पक्कं घ्या. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा तेच मागतो.